संक्रांतीचं वाण आणि माझं नाव

वळ गावाहून वरातीचा टेम्पो निघाला तेव्हा आई खिडकीशी धावत आली. "हिरे, तिकडं कुनाला उलटून बोलू न्हको, पन गप पन बसू न्हको." आता यातलं नेमकं काय करायचं, हे विचारेपर्यंत टेम्पो सुटला. भिवंडी ती कितीशी लांब! तरी अख्खी वाट रडले.

सासरी नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनीता' लिहिलं आणि हिरा संपली. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची रात्रंदिवस खडखड, आणि गल्लीत नळ नाही. सासूबाई नि मी दोन गल्ल्या ओलांडून हंडे आणायचो.

आमच्या महिला मंडळाच्या गुप्तेबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्यासोबत आम्ही नळ मागायला नगरसेवकाकडे गेलो, तर ते हसले. "ताई, मतदारयादीत तुमची नावं तरी आहेत का?" निम्म्याजणींची खरंच नव्हती. अस्सा राग आला म्हणून सांगू!

त्या संक्रांतीला बाईंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून मतदारयादीचा फॉर्म वाटला. शेजारची झुबेदाआपा कुंकू लावून घ्यायची नाही, तिळगूळ मात्र दोनदा घ्यायची; तिनेही फॉर्म घेतला. बाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव पुरे झालं. आज स्वतःचं घ्या." माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, "हिरा." बाईंनी तेच लिहिलं, मीही सही ठोकली. मूर्ख कुठली!

मतदानाच्या दिवशी केंद्रावर उमेदवाराच्या माणसाने अडवलं. "ही तर सुनीतावहिनी. हिरा कोण?" पहिलंवहिलं मत, गेलंच म्हणायचं! तेवढ्यात आईचं बोलणं आठवलं. "मीच हिरा," म्हणाले.

मागून सासूबाई पुढे आल्या. "माझी सून हाय ती. नाव आम्ही बदललं, बाई न्हाय बदलली." केंद्रावरच्या साहेबांनी चौकशी केली, बोटाला शाई लागली.

परतताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझं नाव येसू होतं गं. लग्नापासून कुनी विचारलंच न्हाय." भर रस्त्यात मला रडू फुटलं.

नंतर नगरसेवक आपल्या पायांनी मंडळात आले, आणि वर्षभरात नळही आला. पुढच्या यादीत सासूबाईंनी येसू हेच नाव लावून घेतलं.

पोरींनो, वळला आले की तुम्ही मला 'भिवंडीवाली' म्हणता आणि घर कुठलं ते विचारता. सकाळी नळावरून सासूबाईंची हाक येते, "हिरे, पाणी आलं!" ती ऐकू येते ना, तिथलं.