बाबांच्या ताटातून तिच्या थाळीत

बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते कुडपणला, पठारावरच्या आमच्या घरी राहत होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात बाबा आणि त्यांची कुत्री, एवढेच उरले होते. वाडीतल्या माणसांनी त्यांना जीपमध्ये घालून पोलादपूरला आणलं, तिथून महाडला आणि मग मुंबईला. स्टेंट बसला, जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी तेल, तूप, मटण, तळलेलं, सगळं बंद करून टाकलं.

मी महाडला राहते. म्हटलं, आता वर एकट्यानं राहायचं नाही, माझ्याकडेच यायचं. गुरं वाडीतल्या माणसांकडे दिली, पण बाबा कुत्रीला सोडून यायला तयार नव्हते, म्हणून तीही आली.

तांबड्या रंगाची, पोट पाठीला लागलेली, लांब पायांची कुत्री होती ती. वर असताना ताकात कुस्करलेली नाचणीची भाकरी खायची आणि दिवसभर गुरांमागे पठार तुडवायची. संध्याकाळी गुरं गोठ्यात आली की दारात आडवी पडायची. आजारी पडलेली तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तिला 'पोरी' म्हणायचे. मला 'बाय' म्हणायचे आणि तिला 'पोरी', त्यामुळे घरात गोंधळ व्हायचा नाही.

महाडला तिला पायऱ्यांखालची जागा मिळाली, एक जुनी सतरंजी आणि स्टीलची थाळी. हुंदडायला पठार नव्हतं. गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं.

मी बाबांचा स्वयंपाक वेगळा करत होते. फुलका, तेल नसलेली भाजी, पातळ वरण. दुधावरची साय काढून त्यांना दूध द्यायचे. रविवारी आमच्या ह्यांना मटण लागायचं. बाबांनी मागितलंच तर एखादा चरबी काढलेला तुकडा त्यांच्या ताटात ठेवायचे. आठवड्याभरातच माझ्या लक्षात आलं की काढलेली साय फ्रिजमधून जाते आहे. वाटीत बाजूला ठेवलेली चरबीही जात होती. कोंबडीची कातडी जात होती. सकाळच्या वड्यांचे उरलेले तुकडे, फरसाणाच्या पुडीतला चुरा, हे सगळं पायऱ्यांखाली पोचत होतं. डॉक्टरांनी बाबांना बंद केलेली एकेक वस्तू बाबा तिच्या थाळीत नेऊन ठेवत होते आणि शेजारी पायरीवर बसून ती खाताना बघत होते.

मी विरोध केला. म्हटलं, "बाबा, तिला हे सोसायचं नाही. सवय नाही तिला."

"माझं त्वांड बांधलंत," ते म्हणाले, "तिचं कशापायी बांधायचं? तिला कुठं हार्टाटॅक आलाय?"

ह्यांनी हसून विषय संपवला. ते म्हणाले, "खाऊ दे गं. बाबा स्वतः खात नाहीत ना, मग झालं तर." ते खरंही होतं. बाबा स्वतः खात नव्हते. तिच्या चाटण्याच्या आवाजावर त्यांचं भागत होतं की काय, कोण जाणे. पण त्यांचं वजन उतरत गेलं आणि तिचं चढत गेलं.

उन्हाळ्यात तिच्या गळ्यातला पट्टा बदलावा लागला. पोट भरून आलं, कमरेजवळचा खळगा नाहीसा झाला. येणारेजाणारे कौतुक करायचे, "काय, महाड मानवलं वाटतं." बाबा खूश व्हायचे. मला मात्र ती वेगळीच वाटायला लागली होती. पठारावर बिबट्याच्या वासानं अख्खी वाडी उठवणारी ही कुत्री, शेजारच्या घरी बकरा आणला तेव्हा नुसती मान उचलून बघत राहिली. जिना चढताना मधेच थांबायची. कधीकधी पोटाला हात लावला की अंग चोरायची.

मग एका सकाळी तिनं कुंपणाकडेचं गवत खाल्लं आणि पिवळं पाणी ओकली. दिवसभर खाल्लं नाही. संध्याकाळी बाबांनी गरम भातावर तूप घातलं, भरपूर, आणि हातानं तिला भरवलं.

"अशक्त झालीय," ते म्हणाले. "अंगात ताकद नको?"

दुसऱ्या दिवशी ती उठून चालायला लागली. बाबांनी मला बोलावून दाखवलं. "बघ. तुपानं उभी केली तिला."

पावसाळ्याच्या तोंडाशी हे पुन्हा झालं, आणि पुन्हा तूपभात. ती पुन्हा बरी झाली, पण या वेळी उठायला जास्त वेळ लागला. मी डॉक्टरांकडे नेऊ या म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. जनावराचं जनावर बघून घेतं, गवत खाऊन पोट साफ करतं, असं त्यांचं म्हणणं. मला कामावर जावं लागत होतं, आणि ती तर माझ्या डोळ्यांदेखत शेपूट हलवत होती.

गटारीच्या आधी सलग पाऊस लागला. महाडमध्ये असा पाऊस लागला की गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलायच्या आधी नदीचं विचारतात. सावित्री फुगली होती. पुराचा भोंगा वाजला तेव्हा मी धान्याचे डबे वरच्या मजल्यावर नेत होते. सकाळीच आणलेलं मटण मात्र शिजवावं लागलं. जेवणं घाईघाईत झाली. कोणाचंच लक्ष ताटात नव्हतं. बरंच उरलं. रश्श्यावर लाल तवंग बोटभर जाड आला होता.

मी वर गाद्या गुंडाळत होते तेव्हा बाबांनी रश्श्याचं पातेलं खाली नेलं.

सकाळी पाऊस जरा उघडला. पाणी बाजारापर्यंत आलं होतं, आमच्या गल्लीत शिरलं नव्हतं. सगळे गेटाशी उभे राहून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मी मागे वळले तर पायऱ्यांखाली कुत्री एका विचित्र ढंगात उभी दिसली. पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, छाती फरशीला टेकलेली आणि मागचा भाग उंच. झोपेतून उठल्यावर कुत्री अंग ताणतात तसं.

"आळस देतेय," बाबा म्हणाले.

पण आळस एवढा वेळ चालत नाही. ती तशीच राहिली. डोळे उघडे होते, ती कुणाकडेच बघत नव्हती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. बाजूला ओकारीचं थारोळं होतं, त्यात तेल चमकत होतं. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला. ती इतक्या जोरात विव्हळली की गेटावरची माणसं वळून बघायला लागली.

शेजारच्या चाचांचा टेम्पो आहे. त्यांनी काही विचारलं नाही. मागे पोती अंथरली, ताडपत्री ओढली, आणि पाणी नसलेल्या रस्त्यानं फिरवून आम्हाला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाबा मागे तिच्यापाशी बसले होते.

डॉक्टरीण वयानं तरुण होती. तिच्याकडे बहुतेक गाई-म्हशीच यायच्या. तिनं कुत्रीच्या हिरड्या बघितल्या, ताप बघितला, पोट चाचपलं. आयुष्यात कोणाला न चावलेली कुत्री डॉक्टरणीच्या हाताला चावायला धावली.

"काल काय खाल्लं हिनं?"

"भाकरी," बाबा म्हणाले.

 डॉक्टरीण सुई शोधत होती. बाबा खालमानेनं उभे होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मटण खाल्लंन. चरबी व्हती. तवंग व्हता वरचा."

"रोज देता?"

"रोज नाय. पण देतो. साय देतो. तूप देतो."

तिनं सलाईन लावलं आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो, चरबी पचवणारा रस त्यातून येतो. चरबीचा असा भडिमार झाला की ते सुजतं, आणि मग तो रस आतड्यात जायच्या आधीच काम सुरू करतो. "म्हणजे ते स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं," ती म्हणाली. "आत्ता तिच्या पोटात तेच चाललंय. म्हणून ती अशी वाकून उभी राहते. त्यानं जरा कळ कमी होते."

बाबा कुत्रीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता यांनाही काही होतंय.

"आधी ओकली होती का कधी?"

मी सांगितलं. तूपभाताचंही सांगितलं.

"त्या सूचना होत्या," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता.

रोज सलाईन आणि इंजेक्शनं चालली. कुत्री वाचली. सोडताना डॉक्टरणीनं बाबांनाच समोर बसवून सांगितलं की आता हिला तेलातुपाचा थेंबही नको, थोडं थोडं खायला द्या, उकडलेलं द्या. "एकदा झालंय म्हणजे ती जागा कायमची हळवी झाली. परत झालं तर मी काही सांगू शकत नाही."

त्यानंतरचे बाबा वेगळेच होते. ते स्वतः गॅसपाशी उभे राहून तिचा भात शिजवायचे, कोंबडीची कातडी काढून पांढरं मांस उकडायचे, पाण्यावर आलेली चरबी चमच्यानं काढून मोरीत टाकायचे. चाचींनी डबा पाठवला की झाकण न उघडता माझ्या हातात द्यायचे. पहाटे तिला फिरवायला न्यायचे आणि वडापावच्या गाडीच्या खूप आधी रस्ता ओलांडायचे. एकदा कोणीतरी तिच्यापुढे भज्याचा तुकडा टाकला तर बाबांनी तिच्या जबड्यात बोटं घालून तो बाहेर काढला. ते सारखे जमिनीकडे बघत चालायला लागले. घरात काही सांडलं की पहिले तेच धावायचे. ते रात्रीचे नीट झोपत नव्हते, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं.

गणपतीला आम्ही कुडपणला गेलो. वरचं घर उघडलं, मुंबईहून आत्या आणि तिच्या घरचे आले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कुत्रीवर तिचा जीव. बाबांनी पहिल्याच दिवशी ओटीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "हिला कोणी कायपण द्यायचं नाय. मरल ती." सगळ्यांनी माना हलवल्या.

आत्या तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "काय रे दादा, हाडं लागतायत हाताला. उपाशी मारतोस काय हिला?"

बाबा हसले. मला ते हसू आवडलं नाही.

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, वडे. सकाळपासून चुलीवर कढई होती, घर माणसांनी भरलेलं. बाबांनी कुत्रीला मागे गोठ्यात बांधलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. जेवताना त्यांनी दोनदा उठून कडी बघितली. पण पाहुण्यांना वाढायच्या धांदलीत किती वेळा उठणार?

दुपारी मी तिला पाणी ठेवायला गोठ्यात गेले. कुत्रीपुढे केळीच्या पानाचा तुकडा पडला होता, चाटून लख्ख केलेला. कडेला तेलाचा लाल ओघळ राहिला होता.

आत्या बाहेर दगडावर हात धूत होती. माझ्या हातातलं पान बघून म्हणाली, "मुकं जनावर गो. सणासुदीला सगळ्यांनी खायचं आणि तिनं नुसता वास घ्यायचा? थोडंच घातलं. तुझ्या बापाला नको सांगू."

मी बाबांना सांगितलं. ते गोठ्यात गेले आणि तिच्याजवळ पेंढ्यावर बसले. मीही जाऊन बसले.

काहीच झालं नाही. ती शेपूट हलवत होती. बाबांच्या मांडीवर मान टाकून झोपली. घरात बायका गौरीपुढे फेर धरून गात होत्या. बाबा तिच्या पोटाच्या हालचालीकडे बघत होते.

"कदाचित काही होणार नाही," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले.

उजाडलं तेव्हा ती छाती जमिनीला टेकून, मागचं अंग वर करून उभी होती.

विसर्जनाचा दिवस होता. आजवर बाबांनी गणपतीला निरोप दिला नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी ह्यांना गाडी काढायला सांगितली. सगळे आरतीच्या तयारीत होते. कोणाला धड कळलंही नाही आम्ही निघालो ते. घाटात धुकं इतकं दाट होतं की गाडी पुढे सरकत नव्हती. मागच्या सीटवर ती बाबांच्या मांडीवर होती. आधी धापा टाकत होती, मग तोही आवाज कमी झाला. पोलादपूरच्या अलीकडे एका वळणावर बाबा म्हणाले, "थांबव गाडी. आता घाई नाय."

आम्ही तिथूनच मागे फिरलो. पठाराच्या कडेला, जिथं ती गुरं वळायची, तिथं बाबांनी आणि ह्यांनी खड्डा खणला. परत आलो तेव्हा गणपती गेले होते, मखर रिकामं होतं. आत्या पायरीवर रडत बसली होती.

"काय झालं रे दादा तिला? काल तर चांगली होती."

मी बाबांकडे बघितलं. ते पायाला लागलेला चिखल काडीनं काढत होते.

"वय झालं व्हतं तिचं," ते म्हणाले.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मीही गप्प राहिले.

महाडला आल्यावर एक दिवस जेवताना मी त्यांना विचारलं, आत्याला खरं का नाही सांगितलं म्हणून. 

"तिनं एक पान घातलं गो," ते म्हणाले. "मी सा-सात महिने घालत व्हतो. तिला सांगितलं असतं, तर ती जन्मभर रडली असती. आणि मी नुसता ऐकत बसलो असतो."

मग त्यांनी वरण पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला.