लगाम आणि नमस्कार

गिरगावातून कोर्टात जाताना मी एकाच गाडीवानाची घोडागाडी घेई, कारण तो घोड्याला कधी चाबूक मारत नसे. पण वाटेत देऊळ आलं की तो लगाम सोडून दोन्ही हात जोडी, आणि मी बैठकीची कड घट्ट धरी. गिरगावात देवळांना काय तोटा?

नाक्यावरच्या पोलीस शिपायानं एकदा त्याला दम दिला, "पुन्हा लगाम सोडलास तर गाडी ठाण्यावर नेईन!"

"मग देवाला काय एका हातानं नमस्कार करू?" गाडीवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावरच्या देवळापाशी त्यानं लगाम सोडला. समोरून घंटा वाजवत ट्राम येत होती. मी घाबरून शिपायाकडे पाहिलं. दंडुका काखेत धरून त्यानंही हात जोडले होते, डोळे मिटून.