पांढऱ्या दगडांवरचं पाणी

प्रिय ईरा आणि निषाद,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही नवी फिश टँक दाखवलीत. तळाला पांढरेशुभ्र दगड आणि वर पिवळी पडलेली रोपं. ईराने विचारलं, "आजी, इथलं पाणी वाईट आहे का?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण हाच प्रश्न मला एकदा नोकरीत विचारला गेला होता, आणि तेव्हा उत्तरावर एका माणसाचं पोट अवलंबून होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅब सांभाळायचे. कारखान्याचं घाण पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये जातं. आमच्याकडे रीत अशी, की ईटीपीच्या शेवटच्या हौदात मासे सोडायचे आणि पाहुणे आले की त्यांना ते दाखवायचे. मासा जगला म्हणजे पाणी निर्धोक, असं अजिबात नाही. ते रिपोर्टवरून कळतं. पण रिपोर्ट कोणी वाचत नाही, मासा सगळे बघतात.

आमचे शेठ उल्हासनगरचे. त्यांच्या मनात आलं, पाहुण्यांना हौदापर्यंत कशाला चालवायचं? तेच पाणी वापरून रिसेप्शनमध्येच झाडांची सुंदर टँक ठेवू. टँक आली, दिवे आले. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली आणि मासे मरायला लागले.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ईटीपीचे ऑपरेटर गणपतराव आधीच तिथे उभे होते. ते कंपनीशेजारच्या मोरिवली गावचे, कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं.

"मॅडम, मछली मेली म्हणजे पानी खराब. सिंपल," शेठ म्हणाले. "ऑपरेटर बदलून टाकू."

"शेठ, हौदातले मासे त्याच पाण्यात आहेत. ते धडधाकट आहेत."

"वो तो गाववाली मछली है. गटारात पण जगेल."

गणपतराव पुटपुटले, "गाववाले जगतातच, शेठ. इलाज नाय."

मी तपासायला वेळ मागून घेतला. आम्ही दोघं रिसेप्शनमध्ये गेलो. गणपतरावांनी टँकच्या काचेला नाक लावलं. "मॅडम, पानी मी रोज बगतो. माझं काय चुकलं?"

ते मलाही माहीत नव्हतं. हौदातून येणारं पाणी मोजलं, ठीक होतं. टँकमधलं मोजलं, तर पीएच चढलेला. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, त्याचं माप; सात म्हणजे मध्य, त्याच्या वर अल्कधर्मी. पाणी एकच, मग फरक टँकमध्येच पडत होता. दोन बरण्यांत हौदाचं पाणी भरलं. एकीत टँकमधले पांढरे दगड टाकले, दुसरी तशीच ठेवली. दगडांच्या बरणीचा पीएच आठच्या वर गेला. दुसरीचा जवळजवळ होता तिथेच राहिला.

दगड संगमरवराचे होते. शेठच्या नव्या बंगल्याच्या फरशीतून उरलेले तुकडे शेठाणींनी फुकट जाऊ नयेत म्हणून टँकमध्ये घालायला दिले होते. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. अशा पाण्यातून रोपांना लोह घेता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. माशांच्या विष्ठेतला अमोनियाही अशा पाण्यात जास्त विषारी होतो.

हे शेठना तोंडी सांगून उपयोग नव्हता. मी काचेच्या बशीत एक तुकडा ठेवला आणि वर ॲसिडचा एक थेंब सोडला. चुन्यामुळे दगड फसफसला.

शेठ खुर्चीतून उठले. "रुको. ये तो मेरे घर की लादी है!"

"हो."

"माझा हॉल पण असाच जळणार?"

"लिंबू सांडू देऊ नका."

त्यांनी बशी दूर सरकवली. मग हळूच म्हणाले, "दगड मिसेसने निवडलेत. तिला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"ना बाबा! तुम्ही तिला पण ॲसिड दाखवाल. मी बोलतो, काळा दगड आजकल फॅशन में है."

"आणि गणपतराव?"

"गणपत राहील. टँक आता तोच लावेल."

तळ नव्याने करायचा ठरला. वरच्या थरासाठी क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक खडी आणली. आपला हा काळा दगड ॲसिडखाली गप्प राहतो. खाडीची रेती मी नाकारली, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. खाली रोपांच्या पोषणासाठी माती हवी होती. गणपतराव खुशीत म्हणाले, "आमच्या शेतातली आनतो. भाताची माती, एक नंबर."

"तुमचं शेत कंपनीच्या कुंपणाला लागून आहे ना?"

"हो."

"मग नको."

कुंपणाखालून शेतात काय झिरपतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या कंपनीचा पगार आम्ही दोघंही घेत होतो.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "सासुरवाडीची चालंल? बदलापूरच्या पुढं हाय. मानसं आंबट, पन माती गोड."

ती माती आणली, तपासली, चाळली. तळाला मातीचा पातळ थर, त्यावर स्वच्छ धुतलेली खडी दोन बोटं जाड, मागे थोडी उंच. माती उघडी राहिली तर पाणी गढूळ होतं. पाणी बशीवरून हळूहळू सोडलं, म्हणजे थर विस्कटत नाहीत. रोपं रुजल्यावरच मासे सोडले.

पुढच्या नव्या पानांचा रंग हिरवा होता. गणपतरावांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. तुमच्या टँकसाठीही यातून शिकायचं एवढंच, की पाण्याला दोष देण्याआधी तळाला आपण काय घातलं आहे ते बघावं. आणि ते कोणी निवडलं होतं, हे विचारताना जरा बेताने घ्यावं.

कुंपणालगतच्या त्या शेतात आता भात लावत नाहीत. रिसेप्शनमधली टँक अजून आहे. तेव्हा सोडलेले मासे वय होऊन गेले, रोपं मात्र तीच आहेत, बदलापूरच्या मातीत.