खोबरेलाचा डाग

आई गेली आणि तीन महिन्यांनी खराडीतली नोकरी गेली. दोन्ही वेळा लोकांनी खांद्यावर हात ठेवला, दोन्ही वेळा मी "हो, हो" म्हणालो आणि जेवायला बसलो. रडू आलं नाही. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं.

गालिचे धुण्याचा धंदा का काढला, हे मला आजही धड सांगता येत नाही. ऑफिसात दर शनिवारी आमच्या मजल्यावरचे गालिचे धुवायला एक माणूस यायचा. यंत्र फिरवायचा, कोणाशी बोलायचा नाही, निघून जायचा. तेवढंच मला आवडलं होतं. कर्वेनगरच्या घरात यंत्र आलं तेव्हा बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"पुण्यात लोक गालिचा अंथरतात पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे तर कोणालाच नको असतात. चालू दे तुझं," म्हणाले.

आई गेल्यापासून ते माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले.

सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकायची तर धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा असे दोन फोटो हवेत. म्हणजे आधी डाग हवा. तो शोधायला मला लांब जावं लागलं नाही. बाबा निवृत्त झाले तेव्हा हौसेने आणलेला मरून गालिचा हॉलमध्ये होता. दुपारी जेवणं आटोपली की आई त्यावर आडवी व्हायची. उशी नको, मान धरते म्हणायची. केस खोबरेलाने चपचपीत. वर्षानुवर्षं डोकं एकाच जागी, त्यामुळे तिथे ताटाएवढा काळपट डाग पडला होता. गालिचा खराब होतोय म्हणून मी कुरकुरलो की ती म्हणे, "मग काय डोकं काढून फडताळात ठेवू?"

शेजारच्या खुर्चीत बसून बाबा तिला पेपर वाचून दाखवायचे. ती गेल्यावरही दुपारी तिथेच बसून मोठ्याने वाचायचे. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी ते भाजी आणायला गेले. मी डागाचा फोटो काढला, त्यावर तेलकटपणा काढायचं औषध फवारलं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो आणि गरम पाण्याने यंत्र फिरवलं. हॉलभर खोबरेलाचा वास सुटला. तो मी ओळखला. उठून खिडकी उघडली. तिसऱ्या फेरीला डाग समूळ गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कितीतरी महिन्यांतला पहिला.

फोटो टाकल्या टाकल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला.

"अहो, दोन्ही फोटो एकाच गालिच्याचे आहेत कशावरून?"

"आमच्याच घरातला आहे काकू, येऊन बघा."

"आमचाही बघून जा मग उद्या. चारच्या आत येऊ नका."

पहिलं काम मिळालं. मी यंत्र पुसत होतो तेवढ्यात बाबा आले. ओला गालिचा पाहून पिशवीसकट उभे राहिले. मग खुर्चीला धरून सावकाश वाकले आणि त्या जागेवर तळवा ठेवला.

"निघाला," म्हणाले.

"हो. एवढा निघेल असं वाटलं नव्हतं."

"आणि पाणी?"

"कुठलं पाणी?"

"यातून निघालेलं."

"मोरीत ओतलं."

त्यांनी मान हलवली, हात धोतराला पुसला आणि भाजी आत नेऊन ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बाबा पेपर घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. मी आतल्या खोलीत यंत्राची नळी गुंडाळत होतो. रोज या वेळी बाहेरून त्यांचा आवाज यायचा, आणि मी तो ऐकतोय हे मला माहीतच नव्हतं. नळी हातात घेऊन थांबलो. एक पान उलटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने दुसरं. ते मनातल्या मनात वाचत होते.

आई गेली, हे मला तेव्हा कळलं.