रुसलेल्या टँकरचं गाणं

मंडळी, आज दुपारी कळंबला माझ्या मावशीनं एका रेकॉर्डिंगवाल्याला सरळ केलं.

मावशी येरमाळ्याची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. गावात पाण्याचा टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून कामावरच्या बायांनी त्याच्यावरच गाणं रचलं:

"टँकर आमचा जावई बाई, वेशीवरती रुसला,
घागरी गेल्या ओवाळायला, तरी फुगून बसला!"

प्रत्येक कडव्यानंतर सगळ्या बाया खदाखदा हसायच्या. ते हसणं हेच गाण्याचं धृपद.

त्या बायांपैकी आता मावशी एकटीच उरलीय, म्हणून गाणं नीट रेकॉर्ड करायचं ठरवलं. मावशी गायली आणि हसायच्या जागी एकटीच हसली. रेकॉर्डिंगवाल्यानं ते हसू कापलं, खाली रडवी बासरी घातली आणि मोठ्या कौतुकानं ऐकवलं.

मावशी म्हणाली, "कोण मेलंय रं?"

"मावशी, दुष्काळाचं गाणं हाय. दुःख दिसाय पाहिजे की."

"दुःख लई व्हतं. म्हणून तर हे गाणं केलं. ती पिपाणी काढ आन् हसू माघारी घाल. हसू काढलंस तर नुसता दुष्काळ उरतोय."

मग ती पुन्हा पहिल्यापासून गायली. या वेळी हसायला मी होते, आणि तोही.

तुमच्या घरी असं गाणं येणारं कुणी आहे का? सांगा, मी रेकॉर्ड करायला फोन घेऊन येते. हसायला माणसं तेवढी जमवून ठेवा.