अक्कांच्या ताटातला भात

अक्का आज पहाटे गेल्या.
मी एकदा त्यांच्या ताटातला भात काढून घ्यायला निघाले होते.

धारवाडच्या मळमड्डीत आमच्या समोर राहणाऱ्या, नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. मी नुकतीच डाएटिशियन झालेली. पुस्तकातलं सगळं पाठ. माणसांसमोर मात्र जीभ जड.

अक्कांची शुगर वाढली, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावलं. मी छापील चार्ट पुढे ठेवला. पांढरा भात बंद. ज्वारीची भाकरी, नाचणी, हातसडीचा तांदूळ सुरू.

उत्तरपत्रिका तपासावी तसा त्यांनी तो वाचला.

"मांडणीचे मार्क देते," म्हणाल्या. "बाकी नापास."

मला रडूच येणार होतं. कसंबसं विचारलं, "का, अक्का?"

मग त्यांनी सांगितलं.

महायुद्धातली रेशनची वर्षं. इथंच धारवाडात, घरात खाणारी नऊ तोंडं. मूठभर पांढरा तांदूळ मिळे, तो वडिलांना आणि पाहुण्यांना. मुलींना भाकरी. आणि आई सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून, उरलेली भाकरी एकटीच खाई.

"आईच्या पाठीकडं बघून ठरवलं होतं, मोठी झाले की रोज भात खाणार. सगळ्यांच्या पंगतीत बसून. आणि तू तो काढतीस होय ग?"

मी चार्टची घडी घातली.

"भात राहू दे. आधी एक भाकरी, मग थोडा भात. चालेल?"

"भाकरी एकटीनं खाणार नाही. तू समोर बसायचं. आणि ते पुस्तक घरी ठेवून यायचं."

तीन वर्षं आम्ही दुपारी एकत्र जेवलो. भात हळूहळू दोन घासांवर आला.

"तुझं ऐकत नाही मी," त्या बजावायच्या. "भाकरीनंच पोट भरतंय, त्याला काय करू?"

आता कोणालाही चार्ट देण्याआधी मी विचारते, तुमच्या घरी भाकरी कोणाच्या वाट्याला यायची?

गेल्या आठवड्यात त्यांना भाकरी गिळवेना. मी मऊ, पांढरा भात कालवून भरवला.

डोळे बारीक करून म्हणाल्या, "चार्टमधे बसतंय का ग?"

"बसतंय, अक्का."

आज दुपारी एकटीच जेवले.
भिंतीकडे तोंड करून मात्र बसले नाही.

या आता, अक्का. तुमच्या नापास विद्यार्थिनीचा साष्टांग नमस्कार.