आमची घागर शेवटी

आज आमच्या इमारतीखाली टँकर आला. तापल्या लोखंडावर सांडलेल्या पाण्याचा वास आला आणि दादा आठवले.

दादा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. टँकर आला की दादा शिट्टी फुंकून रांग लावायचे आणि आमची घागर कायम शेवटी ठेवायचे. एके दिवशी तिच्यापाशी येऊन पाणी संपलं. घरात धाकटी बहीण तापानं फणफणलेली.

"हे घर हाय का छावणी?" आई सगळ्यांदेखत म्हणाली.

शेजारच्या काशीमावशीनं गुमान आपली घागर आमच्या घागरीवर कलती केली. मग दुसरीनं, तिसरीनं.

"न्हाई, न्हाई. तुमच्या लेकरांना न्या," दादा म्हणाले.

"गप बसा, फौजी! लई झाली शिस्त. आज हुकूम आमचा हाय," काशीमावशीनं दटावलं.

दादांनी शिट्टी ओठाला लावली, पण फुंकली नाही.

दादा जाऊन वर्षं झाली. घरातली पहिली पदवीधर मी, इथं शहरात एकटी राहते. आजही बादली शेवटी ठेवली. पाणी संपलं. बायका भरल्या बादल्या घेऊन आपापल्या दाराआड गेल्या. रिकामी बादली घेऊन मी जिना चढले, दादांसारखी ताठ.